पाया पुन्हा रचणारे वास्तुशिल्पी : ट्रूमन एंजल

पवित्र शास्त्रातील मंदिर-उभारणीचा वृत्तान्त आपणांस परिचित आहे. दाविदाच्या मनात परमेश्वरासाठी मंदिर बांधण्याची तळमळ होती. पण ते बांधण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. त्याने आराखडा आणि सामग्री पुत्राच्या स्वाधीन केली व डोळे मिटले. शलमोनाने ते मंदिर सात वर्षांत पूर्ण केले. परंतु त्या सात वर्षांत ज्यांनी चिरे घडविले, ओळंबा धरला, लाकूड तासले, त्यांची नावे आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहेत? सोरचा हिराम आणि त्याआधी निवासमंडप घडविणारा बसालेल, अशी दोनचार नावे सोडली तर बाकीचे सारे काळाच्या उदरात गडप झाले.

आज आपण अशाच एका कारागिराचे चरित्र पाहणार आहोत. अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी येथील प्रसिद्ध मॉर्मन मंदिराचा आराखडा त्यांनी तयार केला. त्या मंदिरास चाळीस वर्षे लागली. त्यांपैकी चौतीस वर्षांचा काळ त्यांनी पाहिला. मात्र मंदिराचा कळस त्यांना दिसला नाही. त्यांचे नाव ट्रूमन ऑसबॉर्न एंजल.

मॉर्मन पंथाविषयी दोन शब्द आधीच सांगणे उचित होईल. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. पवित्र शास्त्राच्या जोडीला 'मॉर्मनचा ग्रंथ' हाही ते ईश्वरप्रेरित मानतात. देवाचे स्वरूप, त्र्यैक्य व प्रकटीकरण यांविषयीची त्यांची शिकवण ऐतिहासिक ख्रिस्ती मंडळ्यांच्या शिकवणीहून इतकी निराळी आहे, की २००१ साली रोमन कॅथलिक धर्मपीठाने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचीही हीच भूमिका आहे. ते मात्र स्वतःला ख्रिस्ताचेच अनुयायी म्हणवितात. हा मतभेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण मतभेद आहे म्हणून एका प्रामाणिक माणसाच्या श्रमांकडे पाठ फिरविण्याचेही कारण नाही.

एंजल यांचा जन्म ५ जून १८१० रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील नॉर्थ प्रॉव्हिडन्स येथे झाला. घरची स्थिती बेताचीच होती. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते सुतारकाम शिकू लागले. दारे, खिडक्या, जिने, कठडे असे बारीक सांध्यांचे काम हे त्यांचे खरे शिक्षण. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयाची पायरी ते कधी चढले नाहीत. १८३२ साली पॉली जॉन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी नव्या पंथाचा स्वीकार केला. १८३४ साली त्यांची बहीण मेरी ॲन हिचा विवाह ब्रिगॅम यंग यांच्याशी झाला. हेच यंग पुढे पंथाचे सर्वाधिकारी झाले. अशा रीतीने ज्यांच्या आज्ञेत एंजल यांचे सारे आयुष्य जायचे होते, ते त्यांचे मेहुणेही ठरले.

ओहायो राज्यातील कर्टलँड येथे पंथाचे पहिले मंदिर उभे राहत होते. एंजल १८३५ साली तेथे आले आणि आतील लाकूडकामास लागले. २७ मार्च १८३६ रोजी त्या मंदिराचे समर्पण झाले. परंतु दोन वर्षांतच आर्थिक कोलमड आणि अंतर्गत फूट यांमुळे बहुतेक अनुयायांना ते गाव सोडावे लागले. पुढे मिसूरी राज्यात त्यांच्यावर बिकट प्रसंग ओढवला. १८३८ साली तेथील राज्यपालांनी त्यांना राज्याबाहेर घालविण्याचा हुकूमच काढला. तेथून ते इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी नॉवू येथे स्थिरावले. तेथे दुसरे भव्य मंदिर उभे राहू लागले. त्याचे वास्तुशिल्पी विल्यम वीक्स; एंजल त्यांच्या हाताखाली सुतारांचे प्रमुख होते. २७ जून १८४४ रोजी जमावाने तुरुंगावर हल्ला करून जोसेफ स्मिथ यांची हत्या केली. १८४६ साली अनुयायी पश्चिमेकडे निघाले, वीक्सही गेले, तेव्हा अपुरे काम तडीस नेण्याची जबाबदारी एंजल यांच्यावर पडली. त्यांनी ती पार पाडली. मंदिराचे समर्पण झाले आणि लगेच त्याचा निरोपही घ्यावा लागला. १८४८ साली कोणी आग लावून ते जाळले, आणि १८५० च्या वादळाने उरल्यासुरल्या भिंतीही पाडल्या.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. एका माणसाने आपल्या ऐन तारुण्यात दोन मंदिरांत हातांचे कसब ओतले. पहिले सोडून जावे लागले, दुसरे भस्मसात झाले. तिसऱ्या मंदिरासाठी त्याने पुन्हा हत्यारे का उचलावीत?

२४ जुलै १८४७ रोजी ब्रिगॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. आघाडीच्या त्या तुकडीत सुमारे दीडशे माणसे होती आणि त्यांत एंजलही होते. समोर खारे सरोवर, मागे वॉसॅच पर्वत आणि मधे ओसाड माळ. हा प्रदेश अगदीच निर्जन होता असे मात्र नव्हे. यूट व शोशोनी या आदिवासी जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होत्या, आणि वसाहत वाढली तशी त्यांची भूमी आकसत गेली. खोऱ्यात पाऊल टाकल्यावर चारच दिवसांत यंग यांनी मंदिराची जागा निश्चित केली. लोकांना राहायला घरे नव्हती, शेतात पीक नव्हते. पण मंदिराची जागा ठरली होती.

एंजल यांची पंथाचे वास्तुशिल्पी म्हणून नेमणूक झाली. यंग यांनी आपल्या मनातील मंदिराचे रेखाटन करून दाखविले : पूर्वेस तीन मनोरे, पश्चिमेस तीन मनोरे. पूर्वेकडील तीन मलकीसदेकी याजकपणाचे व पश्चिमेकडील तीन अहरोनी याजकपणाचे द्योतक मानले जातात. पूर्वेचे मनोरे किंचित उंच असण्याचे कारणही हेच. त्या रेखाटनाला मोजमापे देऊन, भिंतींची जाडी ठरवून, प्रत्येक चिऱ्याचा आकार कागदावर उतरविण्याचे काम एंजल यांचे होते. १४ फेब्रुवारी १८५३ रोजी जमीन खणण्यास आरंभ झाला आणि ६ एप्रिल १८५३ रोजी, पंथाच्या स्थापनादिनी, कोनशिला बसविण्यात आल्या.

आपणां मराठी वाचकांना एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. याच सुमारास, १८५२ साली, ह्यू फिंडले हे मॉर्मन उपदेशक मुंबईत उतरले होते आणि पुण्यातही त्यांनी लहानशी मंडळी जमविली होती. तिकडे सॉल्ट लेकच्या माळावर पाया खणला जात असता इकडे मुळा-मुठेच्या काठी त्या पंथाचा उपदेश चालू होता. ते कार्य फार काळ टिकले नाही. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, २०१८ साली, भारतातील पहिले मॉर्मन मंदिर बंगळुरू येथे बांधण्याची घोषणा झाली आणि २०२० च्या डिसेंबरात त्याच्या कामाचा शुभारंभ झाला.

एंजल यांच्यावर केवळ मंदिराचेच ओझे नव्हते. वसाहतीतील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची इमारत त्यांच्याच फळ्यावर आखली जाई. यंग यांची 'बीहाइव्ह हाउस' व 'लायन हाउस' ही निवासस्थाने, फिलमोर येथील प्रादेशिक विधानभवन, अशी कामे त्यांनी याच वर्षांत केली. रात्री दिव्याच्या उजेडात नकाशे काढावेत आणि दिवसा पाथरवटांच्या मागे उभे राहावे, असा त्यांचा क्रम होता. प्रकृती खालावली. तेव्हा १८५६ साली त्यांना युरोपास पाठविण्यात आले. इंग्लंड व फ्रान्स येथील थोर इमारती त्यांनी डोळे भरून पाहिल्या. ज्याने आजवर केवळ हाताने वास्तुकला शिकली होती, त्याला ती प्रथमच डोळ्यांनी शिकायला मिळाली.

१८५७ साली ते परतले आणि लगोलग संकट ओढवले. पंथाचे अधिकारी केंद्रसत्तेस जुमानत नाहीत, अशा समजुतीने राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी युटाकडे सैन्य रवाना केले. भीतीचे आणि संशयाचे वातावरण पसरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दक्षिण युटातील माउंटन मेडोज येथे मॉर्मन लष्करी पथकाच्या माणसांनी वाटेने जाणाऱ्या सुमारे १२० निरपराध प्रवाशांची कत्तल केली. छळाला बळी पडलेले लोकही किती क्रूर होऊ शकतात याचे हे दारुण उदाहरण आहे, आणि मंदिराच्या कोणत्याही वृत्तान्तात ते वगळता कामा नये.

१८५८ च्या वसंतात लोक शहर सोडून दक्षिणेस निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी मंदिराचा पाया मातीने बुजविला. वरून पाहणाऱ्याला तेथे केवळ नांगरलेले शेत दिसावे, असा हेतू होता. पाच वर्षांचे श्रम मातीखाली गेले. पुढे समझोता झाला. जूनमध्ये सैन्य शहरातून शांतपणे पुढे निघून गेले आणि लोक परतले.

काही काळानंतर माती उपसली, तेव्हा जे दिसले ते पाहून कोणाही बांधणाऱ्याचे काळीज चरकावे. पायातील वालुकाश्माच्या चिऱ्यांना तडे गेले होते. वर जो प्रचंड भार यायचा होता, तो पेलण्याची त्या थरांत शक्ती नव्हती. दोनच मार्ग होते. तडे बुजवून, वरून चुना सारवून पुढे बांधीत जावे. कोणाच्या डोळ्यांस काही दिसले नसते. किंवा सदोष थर काढून टाकून पुन्हा रचावे. १८६२ साली निर्णय झाला : काढावे आणि पुन्हा रचावे. या मंदिराने युगानुयुगे उभे राहिले पाहिजे, असा यंग यांचा आग्रह होता. नव्या रचनेसाठी लिटल कॉटनवूड दरीतील कठीण, करडा-पांढरा दगड निवडला गेला. लोक त्यास ग्रॅनाइट म्हणतात. भूशास्त्रज्ञ त्याला क्वार्ट्झ मोन्झोनाइट हे नाव देतात.

पण निर्णय घेणे वेगळे आणि तो निभावणे वेगळे. ती दरी शहरापासून सुमारे ३२ किलोमीटर दूर. दगड वाहून आणण्यासाठी कालवा खणण्याचा प्रयत्न पूर्वीच झाला होता, पण तो फसला. राहता राहिले बैल. पाथरवट छिद्रे पाडून, पाचरी ठोकून दगड फोडीत. मग एकेका दगडास बैलांच्या चार चार जोड्या जुंपल्या जात आणि एका खेपेस तीन-चार दिवस लागत. वाटेत गाडीचा कणा मोडला की दगड तेथेच पडून राही. १८६९ साली अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि १८७३ च्या सुमारास दरीपर्यंत फाटा गेला, तेव्हा कोठे ही यातायात संपली.

हे सारे चालू असता एंजल यांच्या शरीराने पुन्हा साथ सोडली. १८६१ साली त्यांनी प्रकृतीमुळे पद सोडले आणि विल्यम फॉल्सम यांची त्या जागी नेमणूक झाली. ज्या मंदिराचा प्रत्येक चिरा आपण आखला, ते दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी बसणे किती कठीण गेले असेल, याची आपण कल्पना करू शकता. पण १८६७ साली त्यांना पुन्हा बोलावणे आले व ते गेले. त्याच वर्षी शेजारचे प्रचंड सभागृह, 'टॅबरनॅकल', वापरात आले. त्याचे सुमारे ४५ मीटर रुंदीचे छत पूल बांधणाऱ्या हेन्री ग्रो यांच्या कौशल्याने मधल्या खांबांशिवाय उभे राहिले. त्यातील अंतर्भागाचे व १८७० साली बसविलेल्या सज्जाचे काम एंजल यांनी पाहिले. दक्षिणेकडील सेंट जॉर्ज येथील मंदिराचा आराखडाही त्यांचाच. ते ६ एप्रिल १८७७ रोजी समर्पित झाले. सॉल्ट लेकच्या आधी सुरू न होताही त्याच्या सोळा वर्षे आधी ते पूर्ण झाले!

त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी ब्रिगॅम यंग वारले. चोवीस वर्षांच्या श्रमानंतरही मुख्य मंदिराच्या भिंती जमिनीवर थोड्याच उंच आल्या होत्या. एंजल त्यानंतर आणखी दहा वर्षे कामावर राहिले. भिंती हळूहळू चढत गेल्या. तळाशी सुमारे पावणेतीन मीटर जाड असलेल्या त्या भिंती वर जाता जाता पावणेदोन मीटरवर येतात. बाहेरच्या चिऱ्यांवर त्यांनी एक क्रम कोरविला : खाली पृथ्वी, तिच्यावर चंद्राच्या कला, त्यांवर सूर्य, त्यांहून उंच तारे. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षींचे तारे आहेत. वाट चुकलेल्यास त्यांवरून ध्रुवतारा सापडतो, असा त्याचा आशय. मूळ आराखड्यातील शनीचे दगड मात्र पुढे गाळले गेले. आत, तळघरात, बारा बैलांच्या पाठीवर बाप्तिस्म्याचे कुंड आहे. शलमोनाच्या मंदिरातील ओतीव गंगाळसागराची आपणांस येथे आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

१६ ऑक्टोबर १८८७ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, एंजल यांनी देह ठेवला. मनोरे अजून पुरे व्हायचे होते. मोशेने नबो पर्वतावरून वचनदत्त देश निदान दुरून पाहिला. एंजल यांना पूर्ण मंदिराचे दर्शन केवळ आपल्या कागदांवरच घडले.

त्यांच्या आयुष्याचा तो शेवटचा काळ पंथासाठीही कसोटीचा होता. पंथाने बहुपत्नीत्व स्वीकारले होते, आणि एंजल यांनीही एकाहून अधिक विवाह केले होते. या प्रथेविरुद्ध १८८७ साली अमेरिकी संसदेने कडक कायदा करून पंथाची मालमत्ता जप्त करण्याचा मार्ग मोकळा केला. १८९० साली तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नव्या बहुपत्नीक विवाहांचा त्याग जाहीर केला. ही प्रथा आपल्या विश्वासास मान्य नाही, आणि तिचे दुःख कितीतरी स्त्रियांनी मूकपणे सोसले. एंजल यांचे गुणगान करताना ही बाजू डोळ्यांआड करू नये.

एंजल यांच्यानंतर ब्रिगॅम यंग यांचे पुत्र जोसेफ डॉन कार्लोस यंग यांनी काम हाती घेतले. त्यांनी अंतर्भागाची मांडणी बदलली, विजेचे दिवे व पाळणे यांची सोय केली. बाह्यरूप मात्र एंजल यांचेच राहिले. ६ एप्रिल १८९२ रोजी हजारो लोकांसमक्ष वुड्रफ यांनी विजेची कळ दाबून कळसाचा दगड जागी बसविला. त्याच दिवशी पूर्वेच्या मधल्या, ६४ मीटर उंच मनोऱ्यावर सोनेरी मुलाम्याचा तुतारीधारी दूत उभा करण्यात आला. तो घडविणारे शिल्पकार सायरस डॅलिन स्वतः त्या पंथाचे नव्हते. ६ एप्रिल १८९३ रोजी, कोनशिलेच्या बरोबर चाळीस वर्षांनंतर, समर्पणाचे विधी सुरू झाले. तीसहून अधिक सभा झाल्या आणि सुमारे ७५ हजार लोक त्यांस उपस्थित राहिले.

आपण त्या शहरी गेलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे मंदिर आपल्या चर्चसारखे रविवारच्या उपासनेचे स्थान नव्हे. रविवारची उपासना त्यांच्या साध्या सभागृहांत होते. समर्पणानंतर मंदिरात केवळ परवाना लाभलेल्या सभासदांनाच प्रवेश मिळतो. यरुशलेमेतील मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मानणाऱ्या आपणांस हे बंद दार खटकेल. आणि ते खटकणे योग्यच आहे.

आता पायाविषयी शेवटची गोष्ट. २०१९ च्या अखेरीस हे मंदिर मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. काम सुरू असतानाच १८ मार्च २०२० रोजी ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शिखरावरील दूताच्या हातची तुतारी निखळून पडली. भिंती उभ्या राहिल्या. अभियंत्यांनी मंदिराखाली भूकंपाचे हादरे शोषणारे ९८ आधार बसविण्याची योजना आखली होती. म्हणजे दीड शतकानंतर पुन्हा एकदा माणसे त्याच पायापाशी खाली उतरली.

प्रिय वाचकहो, एंजल यांचा पंथ आपला नव्हे. पण त्यांच्या चरित्रातील प्रश्न आपल्या दारी येऊन उभा राहतो. आपल्या मंडळ्यांत, संस्थांत, शाळांत, कुटुंबांत असे काही पाये नाहीत काय, की ज्यांस तडे गेल्याचे आपणांस ठाऊक आहे आणि तरी आपण वरून चुना सारवीत आहोत? पाया उकरणे लाजिरवाणे वाटते. झालेले श्रम वाया गेल्याचे कबूल करावे लागते. वर्षे मागे पडतात, लोक हसतात. खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्या दोन मनुष्यांचा दृष्टान्त प्रभूने आपणांस सांगितला आहे. घराची परीक्षा ऊन असताना नव्हे, तर पूर आल्यावर होते.

आणि दुसरे असे, की प्रत्येक पेरणाऱ्यास कापणी दिसतेच असे नाही. आपल्यापैकी कित्येकजण अशा कामात आहेत, की ज्याचा कळस नातवंडे पाहतील. मुलांना शास्त्र शिकविणारी शिक्षिका, खेड्यातील लहानशा मंडळीचा पाळक, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका, हे सारे रोज एकेक चिरा बसवीत असतात. पाया ख्रिस्तच आहे. त्यावर आपण काय व कसे रचतो, याची पारख अग्नीने होणार आहे. म्हणून आपल्या वाट्यास आलेला चिरा ओळंब्यात बसला आहे ना, एवढे आज पाहावे. कळस केव्हा व कोणाच्या हातून बसेल, हे ज्याचे मंदिर आहे त्याच्या स्वाधीन करावे.